अल्बमचं सिलेक्शन राहिलंय

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन हातात धरला तो सहीपुरताच. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण कधी मुलीच्या हाताला लागलंच तर तिनं चुका काढत बसू नये. कागद स्टुडिओच्या पावतीपुस्तकांचे आहेत. दुकान बंद केलं तेव्हा काही पुस्तकं कोरी उरली, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिते आहे.

कारण झालं धाकट्या बहिणीच्या फोनचं. ती माकणीला असते. तिच्या मुलीला तेरचं स्थळ आलं आहे. मुलगा लग्नाचे फोटो काढतो, स्वतःचा कॅमेरा आहे. बहीण म्हणाली, "ताई, तुझा सगळा जन्म त्यातच गेला. फोटो काढून घर चालतंय का, तेवढं खरं सांग." मला फोनवर धड बोलता येत नाही. समोर माणूस असलं तरी येत नाही. मुलगा चांगला असेल तर बघा, एवढं म्हणाले आणि कुकर लावायचाय असं सांगून फोन ठेवला. कुकर कधीच उतरवून झाला होता. तिला जे सांगायला हवं होतं ते मग दिवसभर मनात येत राहिलं.

माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं. मध्यस्थ हुशार होता. तो म्हणाला, "लोकांची लग्नं काय बंद पडणार हायेत व्हय?" वडिलांनी सुपारी फोडली आणि मी अणदूरला आले.

यांचा स्टुडिओ स्टँडजवळ होता. एक खोली, तिच्यात रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं, तळ्यात बदकं, मागं बर्फाचे डोंगर. खंडोबाच्या दर्शनाला आलेली नवीन जोडपी तिथून थेट आमच्याकडं यायची. कपाळावर, गालावर भंडारा तसाच असायचा. नवरी पदरानं पुसायला लागली की हे म्हणायचे, पुसू नका, फोटोत तेच चांगलं दिसतं. रोलचा कॅमेरा होता तेव्हा. रोल धुवायला सोलापूरला जायचे. खंडोबाची मूर्ती वर्षातले दोन महिने नळदुर्गाला नेतात; देव तिकडं गेला की आमचं दुकान थंड पडायचं, मग हेही कॅमेरा गळ्यात अडकवून देवामागं नळदुर्गाला जायचे. त्या दिवसांत घर चाललं. सुखात चाललं असं म्हणवत नाही, पण दुकानदारानं किराणा कधी अडवला नाही.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. जोडपी देवळाच्या पायरीवरच एकमेकांचे फोटो काढायला लागली. आमच्याकडं फॉर्मला लावायचे छोटे फोटो तेवढे राहिले, आणि पुढं तेही झेरॉक्सवाला काढून द्यायला लागला. पडद्याला वाळवी लागायला नको म्हणून हे तो अधूनमधून उन्हात टाकायचे. राहिली फक्त लग्नं. मध्यस्थ खोटं बोलला नव्हता, लग्नं बंद पडली नाहीत. पण लग्नघरातले आता आधी विचारतात, ड्रोन आहे का, लग्नाआधीचं शूटिंग करता का, मंडपात मोठा पडदा लावता का. यांचा जुना कॅमेरा बघून एकानं तोंडावर सांगितलं, "मामा, ह्याच्यापेक्षा माझा मोबाईल बरा हाय."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. दोन दिवसांनी मला म्हणाले, "तुझ्या गटातून कर्ज निघतंय का बघ."

आमच्या गल्लीतल्या बायकांचा बचत गट आहे. मी त्यात होते, पण दाराजवळ बसायची, हप्ता द्यायची आणि उठून यायची. कर्ज बाईच्याच नावावर निघतं. म्हणजे मागायचंही मीच आणि कशाला हवं तेही मीच सांगायचं. सगळ्याजणींनी शेळी, शिलाई मशीन, दुकान असलं काही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून कॅमेरा हा शब्द इतक्या हळू निघाला की सचिव काकूंनी तीनदा विचारलं. मग त्यांनीच बाकीच्यांना सांगितलं. लाखभर रुपये मिळाले. आमच्याजवळचे होते नव्हते ते त्यात घातले आणि नवा कॅमेरा आला. हे तो लहान मुलासारखा रुमालात गुंडाळून ठेवायचे.

लोकांना वाटतं, लग्नाचे ऐंशी-नव्वद हजार घेतो, मग याला काय कमी. ऐंशी हजार ऐकायला मोठे आहेत. त्यातून व्हिडिओ काढणाऱ्या पोराची मजुरी जाते, ड्रोनवाला दिवसाचे वेगळे घेतो, मंडपातल्या पडद्याचं भाडं, गाडीचं पेट्रोल, आणि सगळ्यात शेवटी सोलापूरहून छापून येणारा अल्बम. हे सगळे रोखीनं मागतात. आम्हाला मात्र लग्न ठरताना थोडा इसार, लग्नाच्या दिवशी थोडे, आणि उरलेले अल्बम हातात पडल्यावर. ही रीत यांनी पाडली नाही, धंद्यात अशीच आहे. आमची कमाई म्हणजे तो शेवटचा हिस्सा. आणि अल्बम कधी होणार, तर घरच्यांनी हजारो फोटोंतून दोनशे निवडून दिल्यावर. त्याला सिलेक्शन म्हणतात. हा शब्द मी जितका ऐकला तितका देवाचं नावही घेतलं नसेल. पैशाचं विचारलं की समोरून उत्तर येतं, सिलेक्शन राहिलंय. कोणाची मोठी बहीण यायची असते, कोणाचा जावई पुण्याहून यायचा असतो. तोवर गटाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला येत राहतो. त्याला सिलेक्शन नसतं.

तरी पहिले काही महिने आम्ही भरले. मग मोठ्या रस्त्यावरच्या कापड दुकानदाराच्या मुलीचं लग्न आलं. घर मोठं, शंकराचं करणारं, दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात. घरात कानडी, दुकानात मराठी. कॅमेरा घेतल्यापासूनचं सगळ्यात मोठं काम. लग्नाआधीचे फोटो नळदुर्गाच्या किल्ल्यात काढले. मी कधी यांच्या कामावर जात नाही, पण त्या दिवशी मुलीची साडी सावरायला बाई हवी म्हणून गेले. मुलगी मोरपंखी साडीत होती. नवरा मुलगा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि हे पाण्याच्या कडेला गुडघे टेकून म्हणत होते, जरा हसा, अजून जरा. ती हसली. इतकं मोकळं हसणं मला कधी जमलं नाही, म्हणून मी बघत राहिले.

लग्न उन्हाळ्यात झालं. आमचे अर्ध्याहून जास्त पैसे बाकी होते. यांनी सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये भरून अण्णांच्या घरी दिले. धंद्यातले दुसरे लोक असं करत नाहीत. फोटोवर आडवं मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव टाकतात, म्हणजे निवडता येतात पण वापरता येत नाहीत. पैसे पूर्ण आले की मग स्वच्छ देतात. नळदुर्गाच्या एका फोटोग्राफरनं यांना तसं बजावलं होतं. हे म्हणाले, "नवरीच्या कपाळावर आपलं नाव कसं टाकायचं? बाशिंगावर, मंगळसूत्रावर नाव टाकायचं? मला न्हाय जमत ते." मला ते बरोबरच वाटलं होतं, आजही वाटतं. बरोबर असून त्याचं काय झालं ते पुढं सांगते.

फोटो मिळाल्यावर त्या घरच्या सगळ्यांच्या फोनवर ते दिसायला लागले. मंडळी खूश होती. फक्त सिलेक्शन येईना. आधी मुलीकडचे निवडणार होते, मग व्याही म्हणाले की निम्मे आम्ही निवडू, मग कोणाच्या चुलत्यांचे फोटो कमी घेतले म्हणून रुसवे झाले. हे दर आठवड्याला दुकानात जाऊन उभे राहायचे. अण्णा चहा पाजायचे. "होतंय, होतंय. तुमचे पैसे कुठं पळून जातेत?" असं म्हणून परत पाठवायचे.

पहिल्या पंचमीला मुलगी माहेरी आली. पंचमी झाली, राखी झाली, पोळा झाला. तिला न्यायला कोणी आलं नाही आणि ती गेली नाही. काय झालं ते गावात दहा जणांनी दहा तऱ्हेनं सांगितलं. मी लिहीत नाही, कारण मला खरं माहीत नाही. आमच्यापुरतं खरं एवढंच की हे पुन्हा दुकानात गेले तेव्हा अण्णांनी गिऱ्हाईक जाईपर्यंत वाट बघितली आणि खाली बघत म्हणाले, "आता अल्बम घेऊन काय करू, तुम्हीच सांगा."

हे चहा न घेता परत आले.

इकडं माझे हप्ते थकले. एक थकला, दुसरा थकला. गटाला बँकेकडून पुढचं कर्ज मिळायचं होतं, ते माझ्यामुळं अडलं. माझं पूर्ण फिटल्याशिवाय नवीन नाही, असं बँकेतल्या साहेबांनी सांगितलं. पुढची पाळी ज्या बाईची होती ती माझ्याच गल्लीतली, विधवा. तिला शेवयांचं यंत्र घ्यायचं होतं. शेवया उन्हाळ्यातच होतात. माघ संपायच्या आत यंत्र दारात आलं नाही तर तिचं पूर्ण वर्ष गेलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ती सगळ्यांसमोर नुसती हसून म्हणाली, "ह्यांचे मालक लोकास्नी हसा हसा म्हणतेत, आन् आमाला रडवतेत." बायका हसल्या. मीही हसले.

यांना म्हणाले, अण्णांना एकदा स्पष्ट मागा. हे म्हणाले, ज्या घरात पोरगी परत आली त्या घरात लग्नाचं बिल घेऊन कसं जायचं. मग अण्णांच्या बायकोकडं मीच जायचं ठरवलं. पुरुषांचं पुरुषांना जमत नसेल तर बायकांचं बायकांना जमेल, असं वाटलं. महालक्ष्म्या बसल्या होत्या. त्या दिवसांत हळदीकुंकवाला कोणाच्याही घरी जाता येतं. दोन रात्री आधीपासून मी मनात वाक्य पाठ करत होते. अक्का, आमचं थोडं राहिलं होतं, अडचण आहे म्हणून आले. एवढंच. यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं.

अण्णांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. त्यांनी मला आत नेलं, पाटावर बसवलं. लक्ष्म्या सुरेख मांडल्या होत्या, पण घरात आवाज नव्हता. अशा दिवशी त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. त्यांनी हळदीकुंकू लावलं आणि मी वाक्याला सुरुवात करणार तोच त्या तांदळाचं ताट, नारळ आणि खण घेऊन समोर बसल्या. ओटी भरायला लागल्या. पदर पुढं धरून मी बसले होते. पदरात नारळ पडला, खण पडला, तांदूळ पडले. खणात अकरा रुपये होते. त्या म्हणाल्या, "औंदा तुमीच पहिल्या आलाव बघा. बाकीच्या यायच्या, अजून येतेत का न्हाय."

पदरात त्यांची ओटी घेऊन त्यांच्याकडंच पैसे कसे मागायचे, हे मला आजही कोणी शिकवावं. मी मान हलवली.

उठताना मुलगी आतल्या खोलीतून दारापर्यंत आली. गाऊनवर ओढणी घेतली होती. बारीक झाली होती. म्हणाली, "काकू, काकांना एक सांगता का? किल्ल्यातले फोटो हायेत ना, त्यातला माझ्या एकटीचा करून पाहिजे."

मला आधी कळलं नाही. अक्कांनी खालच्या आवाजात सांगितलं की कोर्टाचं व्हायचं तेव्हा होईल, पण एक दोन स्थळांना बोलून ठेवलंय, ते फोटो मागतात. मी म्हणाले, एकटीचा दुसरा काढून देतील की, घरी येऊन काढतील. मुलगी म्हणाली, "आता काढला तर तसा येणार न्हाय."

मी बरं म्हणाले. पैसे मागायला गेले होते आणि काम घेऊन आले.

यांनी ते काम दुसऱ्या दिवशी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर केलं. मी शेजारी बसून बघत होते. नवऱ्या मुलाला कापून काढणं लगेच झालं. त्याच्या जागी यांनी किल्ल्याची भिंत आणली. पण त्याचा हात तिच्या खांद्यावर राहिला होता. मोरपंखी साडीवर चार बोटं. हे साडीचाच एकेक तुकडा उचलून त्या बोटांवर लावत होते. एक बोट गेलं की साडीची नक्षी मोडायची, ती जुळवायची, मग दुसरं. दुपार गेली त्यात. शेवटी खांदा मोकळा झाला. ती एकटी उभी राहून हसत होती, कोणाकडं बघून ते कळत नव्हतं. हे म्हणाले, "ह्याचे पैसे घ्यायचे न्हायत." मी विचारलंही नव्हतं. मग थोड्या वेळानं म्हणाले, "लग्नाचेबी आता गेले समज."

मला राग आला होता. पण कोणावर धरावा ते कळेना. अक्कांवर धरवत नव्हता, मुलीवर तर नाहीच. यांनी कोणाचं वाईट केलं नव्हतं. शेवयांच्या यंत्रासाठी थांबलेली बाई तर साफ बरोबर होती. सगळेच बरोबर होते आणि मला दर महिन्याला दाराजवळ मान खाली घालून बसावं लागत होतं.

तुळशीचं लग्न जवळ आलं. त्यानंतर लग्नसराई. यांच्याकडं दोन कामांचा इसार आला होता. मला वाटलं, आता सीझन आहे, निघेल यातून. हे हसले. म्हणाले, या सीझनचे पैसे अल्बम झाल्यावर, म्हणजे पुढच्या पंचमीपर्यंत. तोवर त्या बाईचा माघ थांबतोय का? हे खरं होतं. कामं हातात होती, कॅमेरा हातात होता, आणि कर्ज फेडायचं तर कॅमेराच विकायचा होता, तोही हंगाम तोंडावर असताना. मी म्हणाले, अजून एकदा बघू. काय बघायचं ते मलाही सांगता आलं नाही.

हे कॅमेरा विकायला सोलापूरला निघाले तेव्हा मी तो पुसून दिला. तिथल्या दुकानदारानं अर्ध्याच्या आसपास किंमत केली. नवीन मॉडेल आलंय म्हणाला. त्याच गल्लीत एक मोठा स्टुडिओ आहे. तिथला मालक यांना आधीपासून ओळखत होता. त्यानं सांगितलं, तुमची दोन्ही कामं माझ्याकडं द्या आणि तुम्ही माझ्याकडं रोजानं या. कॅमेरा माझा, हात तुमचा. संध्याकाळी रोख. हे हो म्हणून आले. गाळा सोडला, अनामत परत मिळाली, तीही कर्जात गेली. बदकांचा पडदा कडब्याच्या गंजीवर टाकला आहे.

आता हे दुसऱ्याच्या दुकानाचं नाव छापलेला काळा टीशर्ट घालून लग्नात उभे राहतात. त्यांच्या निम्म्या वयाचा मुलगा त्यांना सांगतो, काका, इकडून घ्या. हे तिकडून घेतात. सीझनमध्ये रोजगार मिळतो, पावसाळ्यात मिळणार नाही. पण एक खरं आहे, संध्याकाळी पैसे हातात पडतात. सिलेक्शनची वाट मालकानं बघायची. त्याचं कसं चालतं ते मला माहीत नाही. यांनी एकदा मला सांगितलं, त्याच्या कपाटातपण लोकांचे न नेलेले अल्बम आहेत, मोजले तर भिंत होईल. मग तोही कर्ज काढत असेल, किंवा त्याचं दुसरं काही असेल. फोटो काढून माणूस सुखात राहतो का, याचं उत्तर शोधायला गेलं की असं होतं. एकाच्या मागं दुसरा उभा दिसतो आणि कोणाच्याच खिशात हात घालून बघता येत नाही.

पहिल्या दिवशी टीशर्ट घालून निघाले तेव्हा यांनी आरशात बघितलं नाही. मी डबा दिला. म्हणाले, "चांगला दिसतोय का?" मी म्हणाले, रंग जात नाही तोवर चांगला आहे.

कॅमेऱ्याचे आणि अनामतीचे मिळून बरंचसं फिटलं, थोडं राहिलं. ते रोजाच्या पैशातून पुरवायचं होतं. पौषात लग्नं नसतात. मार्गशीर्षात मिळालेल्यातलं यांनी काही खर्चू दिलं नाही. आमच्या मुलीच्या कॉलेजच्या बसचा पास राहिला, ती महिनाभर मैत्रिणीच्या गाडीवर गेली. मी रानात तुरी काढायला गेले. अण्णांच्या घरून काही आलं नाही. फक्त एकदा त्यांच्या नोकराकडून निरोप आला, की फोटो चांगला झालाय, अजून दोन प्रती पाहिजेत. यांनी सोलापुरातून काढून आणून दिल्या.

संक्रांतीनंतरच्या बैठकीला मी गेले. पैसे ब्लाउजमध्ये ठेवलेले होते ते काढून सतरंजीवर ठेवले. नोटा मळक्या होत्या, बऱ्याच शंभराच्या. सचिव काकूंनी बोटाला थुंकी लावून मोजल्या, मग शेवयांच्या यंत्रवालीकडं दिल्या. तिनंही मोजल्या. काकूंनी पुस्तकात लिहिलं, माझ्याकडं फिरवलं, मी सही केली. त्या म्हणाल्या, "फिटलं बाई तुमचं सगळं. उद्या बँकेत जाऊन दाखला आणते." यंत्रवालीनं नोटा सरळ करून रबर लावलं आणि डब्यात टाकल्या. व्याजासकट पूर्ण पैसे फिटले.